दोरवण

खेळातल्या वीराने एक घास खाल्ला, पोट धरलं, गुडघ्यांवर बसला आणि ओकला. मोबाईलचा पडदा क्षणभर शेवाळासारखा हिरवा झाला, कोपऱ्यातल्या लाल पट्टीतून दहा गुण गळाले आणि आतून कुणीतरी ‘शीऽऽ’ असा आवाज काढला. शुभांगी सदाफुले माळीवाडा स्टँडात जामखेडच्या गाडीत खिडकीशी बसली होती. कंडक्टर अजून चहाच्या टपरीवरच होता. तिने खेळ मागे नेला, वीराला पुन्हा त्याच चुलीपाशी उभं केलं, पुन्हा तोच घास भरवला. तो पुन्हा ओकला. तिसऱ्या वेळी तिने आवाज बंद केला. तेव्हा तो मुकाट्याने ओकला, आणि ते जास्त वाईट दिसलं. चुलीवर अक्षरं उमटत होती : दोरवण, दैत्यांचं अन्न. यातला पहिला शब्द तिचा होता. पुढचे दोन तिचे नव्हते. शेजारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं. “गाडी लागती का वं तुमाला? लिंबू देऊ का?” “गाडी अजून सुटलीच नाही मावशी,” शुभांगी म्हणाली. “मंग त्वांड असं का झालं?” तोंड कसं झालंय ते तिला दिसत नव्हतं, पण तोंडात काय होतं ते कळत होतं. जिभेच्या मुळाशी, दाढेच्या मागे, धुराची एक जुनी चव उठून बसली होती आणि तिच्यावर, तिला दाबून टाकत, आंबट पाणी चढत होतं.

नगरच्या एका कॉलेजात ती अकरा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती. गेल्या जूनमध्ये तासिका संपल्या, तत्त्व तेवढं उरलं. मग ओळखीतून पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. ते लोक मोबाईलसाठी एक मोठा खेळ करत होते. त्यातल्या जगाचं नाव नवद्रुम. सात राज्यं, त्यांचे नकाशे, तलवारी, उडणारे घोडे, सगळं तयार होतं. फक्त ती माणसं जेवतात काय, हे कुणालाच सुचलं नव्हतं. कंपनीचे मुख्य राधाकृष्ण सर पहिल्या भेटीत म्हणाले होते, “पदार्थ पारंपरिक वाटले पाहिजेत, पण खऱ्या जगात कुठेही असता कामा नयेत.” ते वाक्य तिला फार आवडलं. इतकं, की घरी येताना ती सावेडीचा थांबा चुकली आणि पुढे जाऊन चालत परत आली. जन्मभर तिला लोकांनी जे आहे तेच विचारलं होतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की एखादी प्राध्यापिका अगदी गोड आवाजात विचारायची, “तुमच्यात काय करतात हो पाडव्याला?” त्या ‘तुमच्यात’ची धार इतकी बारीक असायची की रक्त निघालं तरी घरी गेल्यावर कळायचं. आणि आता कुणीतरी म्हणत होतं, कुठेच नसलेलं लिहा. तिथे तुमच्यात-आमच्यात कुणी घातलेलं नव्हतं.

तिने लिहिलं. आठ महिन्यांत पाच राज्यांचे एकशे चाळीस पदार्थ. पुनवेच्या दवात रात्रभर उघडी ठेवलेली कणीक, तिची चांदणपोळी. मयताच्या घरी तीन दिवस कुणी न बोलता खायचं ते मुक्याचं वरण. एका बाईने घालायचं आणि तिच्या सातव्या पिढीतल्या सुनेने उघडायचं असं लोणचं. ते उघडणारी कधी त्याची चव सांगत नाही, म्हणून ते खरोखर खाण्याजोगं आहे की नाही हे राज्यात कुणालाच माहीत नाही. हे शेवटचं सुचलं तेव्हा ती एकटीच स्वयंपाकघरात खदखदून हसली होती. हळूहळू तिला या कामातली मेख कळली. नुसतं जिन्नस आणि कृती लिहून पदार्थ जुना होत नाही. त्यात कुणाची तरी चूक असावी लागते, एखादं भांडण, एक असा शब्द ज्याचा अर्थ आता कुणाला सांगता येत नाही. परंपरा म्हणजे दुसरं काय? एकदा चुकून करपलं आणि मग दर वर्षी करपवायला लागले. हे तिला कॉलेजात अकरा वर्षं शिकवूनही कळलं नव्हतं इतकं स्वच्छ कळलं आणि त्या कळण्याचा तिला माज चढला. होय, माजच. ती भाजी चिरताना, दूध तापवताना, नगरच्या दिल्ली गेटला रिक्षाची वाट पाहताना एका अख्ख्या देशाला जेवू घालत होती आणि त्या देशात तिच्या परवानगीशिवाय कुणाला भूकही लागत नव्हती.

दोरवण तिने फेब्रुवारीत लिहिलं. सातांपैकी एका राज्यात नुसता खडक होता, वारा होता, पाणी नव्हतं. तिथल्या लोकांना तिने ‘खडके’ म्हटलं. घरातलं कुणी दूरच्या प्रवासाला गेलं की खडके लोक दोन सुळक्यांमध्ये दोर बांधतात, त्यावर मांसाच्या पट्ट्या टाकतात. माणूस परत येईपर्यंत त्या वाऱ्यावर वाळत राहतात. लवकर आला तर नरम, उशिरा आला तर काळ्या, कडक. आला की त्या निखाऱ्यावर भाजायच्या, कुटायच्या, हुलग्यांबरोबर शिजवायच्या आणि आलेल्याने उंबऱ्यातच उभ्याने पहिला घास खायचा. आपल्याविना घराने किती दिवस काढले ते त्याला चावताना दाढेत कळतं. हे सगळं तिने एका बैठकीत लिहिलं, खोडाखोड न करता, आणि लिहून झाल्यावर तांब्याभर पाणी प्यायली. एकशे चाळिसांत हेच तिला सर्वांत जमलेलं वाटलं होतं. कल्पना अशी हवी, तिला वाटलं होतं. कुठूनही न आलेली.

गाडी चिचोंडीच्या पुढे गेली तेव्हा तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. बाहेर ऊस मागे पडत चालला होता आणि माळ उघडा पडत होता. कुठूनही न आलेली! खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून तिने स्वतःला विचारलं, मग हा दोर कुणाचा? ती सात वर्षांची होती. वस्तीच्या टोकाला वडिलांची आत्या, मालनबाई, एकटी राहायची. सगळ्या वस्तीने मेलेल्या ढोराचं मांस सोडलं, ते मालनबाईने सोडलं नव्हतं. तिच्या अंगणात बाभळीपासून खुंटीपर्यंत दोर होता आणि दोरावर लाल, तपकिरी, काळ्या पट्ट्या लोंबत होत्या, सुकल्या चामड्याच्या वाध्यांसारख्या. म्हातारी खाली काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. “ये गं भीमराजाच्या पोरी,” तिने हाक मारली होती. एक तुकडा निखाऱ्यावर टाकला. तो आधी आकसला, मग फुगला, मग त्यातून एक थेंब चरचरत खाली पडला. शुभांगीने तो तुकडा गालात धरून घर गाठलं. धूर, मीठ आणि त्यांच्या मागून हळूच सुटत जाणारं काहीतरी गोडसर, जुन्या लाकडासारखं. दारात आईने पाहिलं. “काय हाय तोंडात?” ती बोलली नाही, बोलली असती तर ते गिळावं लागलं असतं. मग आईची दोन बोटं घशात गेली. बांगड्या दातांवर वाजल्या. अंगणात ती ओकली, सगळं ओकली, सकाळची भाकरीसुद्धा, आणि आईने तिचं तोंड राखुंडीने इतकं घासलं की हिरड्यांतून रक्त आलं. आई घासत होती आणि रडत होती. वडील, भीमराज गुरुजी, ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही, पण मानही वर केली नाही. मालनबाईच्या घराकडे ती पुन्हा गेली नाही. म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली. या गोष्टीवर घरात पुढे सत्तावीस वर्षं एक शब्द निघाला नाही. आणि आता पुण्यातल्या कुठल्याशा थंडगार खोलीत बसून कुणीतरी तिच्या घशात तीच दोन बोटं घातली होती. फक्त या बोटांना रडू येत नव्हतं.

जामखेडला गाडी बदलून, खर्ड्याला उतरून ती वाडीवर पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई, सुमनबाई, गच्चीवर जुन्या लुगड्यावर मटकीच्या डाळीचे सांडगे घालत होती. गुरुजी जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आई घरात कमी आणि गच्चीवर जास्त असायची. शुभांगीने पाय धुतले, पाणी प्यायली आणि वर जाऊन सगळं सांगितलं. मोबाईलवर तो वीर दाखवला. आईने चष्मा कपाळावर चढवून पडदा डोळ्यांजवळ नेला, एकदा पाहिलं आणि परत दिला.

“बरं केलं त्येंनी,” ती म्हणाली.

“आई!”

“मंग काय तर. कशाला लिव्हलंस ते? कुनी सांगितलं हुतं? आमच्या मान्सांनी उपाशी काढले दिवस, पन मेलेलं वढायचं न्हाई म्हनले. गावानं वाळीत टाकलं, दान्याला म्हाग केलं, तरी न्हाई म्हनले. तवा कुठं तुजा बाप मास्तर झाला. आन तू त्येच उकरून जगाला दाखीव.” आईची बोटं थांबली नव्हती. एकेक सांडगा लुगड्यावर टपकन पडत होता.

“मी तुमचं नाही लिहिलं. मी बनवलं. माझ्या वहीत त्यात मेलेलं काही नाही, गाव नाही, वाळीत टाकणं नाही. तिथं ते परत आलेल्या माणसाला देतात. मानानं.”

“मानानं?” आई हसली. ते हसू चांगलं नव्हतं. “तुला काय ठावं, मानानं खायाला काय लागतं ते? तू एक तुकडा खाल्लास पोरी, त्यो बी मी ऱ्हाऊ दिला न्हाई. मालनआत्याकडं बगून लोक नाक दाबायचे, तवा मी बी दाबायची. तुजं त्वांड घासलं त्ये का उगाच? साळंत तुज्या तोंडाचा वास आला असता तर?”

शुभांगीला वाटलं, हे आता बोलून टाकावं. मला राग त्या तुकड्याचा नव्हता, तो काढून घेतल्याचा होता. बोलली ती वेगळंच. “मला चव आवडली होती.”

आईने मान वर केली. मग डाळीचा हात लुगड्याच्या कडेला पुसत एवढंच म्हणाली, “ठावं हाय मला. गिळत न्हवतीस तू. गालात धरून ठिवलं हुतंस.”

सोमवारी अकरा वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल येणार होता. वाडीवर रेंज फक्त गच्चीवर यायची, म्हणून शुभांगी कठड्याला मोबाईल टेकवून सांडग्यांच्या लुगड्याशेजारी उकिडवी बसली. आई जिन्यातल्या सावलीत तांदूळ निवडत होती. पडद्यावर राधाकृष्ण सर आले आणि दुसऱ्या चौकोनात धनश्री, खेळाची चित्रं काढणारी मुलगी. सर मनाने वाईट नव्हते. त्यांनी आधी गावाकडच्या उन्हाची चौकशी केली.

“मॅडम, काम अप्रतिम झालंय. फक्त दोन ओळी हव्या आहेत. दैत्य दोरवण का खातात, त्याचं एखादं कारण. जरा भीतिदायक.”

“माझ्या वहीत ते दैत्य नव्हते सर. खडके होते. दैत्य कधी झाले?”

“हां, ते मार्चच्या मीटिंगमध्ये झालं. खेळात शत्रू कमी पडत होते.”

“सात राज्यांतलं हेच का?”

“खरं सांगायचं तर, पदार्थ वाचल्यावर सगळ्यांना तेच लोक फिट वाटले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. आमचं कुणाबद्दल काही नाहीये. नुसता खेळ आहे. आता दैत्यांनी चांदणपोळी खाऊन कसं चालेल?”

“का नाही चालणार?”

धनश्री खाली पाहत होती. “ताई, चित्र मीच काढलंय,” ती हळूच म्हणाली. “पहिल्यांदा मी उंबरा काढला होता. तुम्ही लिहिला तसा. मग कवट्या घालायला सांगितल्या.” सरांनी हसून ते बोलणं बाजूला सारलं आणि पुन्हा दोन ओळींवर आले.

शुभांगीच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आवाज तिलाच अनोळखी वाटावा इतका थंड आला. स्टाफरूममध्ये अकरा वर्षं जो आवाज तिने डब्याच्या झाकणाखाली ठेवला होता, तो हाच असावा. “लिहून घ्या, सर. दैत्य दोरवण का खातात? आवडतं म्हणून. पूर्णविराम. दुसरी ओळ : छान लागतं.”

“मॅडम, असं कसं...”

“मग एवढं बदला. तो तुमचा वीर एक घास खाईल आणि दुसरा मागेल. नको तर नका बदलू. पण उरलेली दोन राज्यं मी लिहिणार नाही. बसू देत उपाशी.”

राधाकृष्ण सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वादच नको, म्हणाले. हा पदार्थच काढून टाकू. एकशे चाळीसमध्ये एक गेला तर काय बिघडलं? शुभांगी म्हणाली, नाही, काढणं हे उत्तर नाही. आधी तोंडात घालून ओकलात, आता म्हणता खाल्लंच नव्हतं. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून तांदळाची ताटली पुढे आली आणि तिच्या मागून आईचा चेहरा. पदर डोक्यावर घेतलेला, चष्मा घामाने घसरलेला.

“साहेब, म्या हिची आई. येक इचारायचंय.”

“बोला ना आजी.”

“त्ये वाळलेलं म्या खात न्हाई. मरस्तवर खानार न्हाई. कुनाच्या भ्यानं सोडल्यालं न्हाई, आमच्या मनानं सोडलंय. या पोरीनं ल्हानपनी त्वांडात घातलं, तवा बोटं घालून वकायला लावलं हिला. माजी लेक हुती. मला कारन हुतं.” आईने ताटली कठड्यावर ठेवली. “तुमाला काय कारन हाय? तुमी कुनाला वकायला लावताय?”

सर काहीतरी बोलले, पण रेंज गेली की त्यांनीच कॉल बंद केला, हे कळलं नाही. पडद्यावर शुभांगीचा आणि आईचा चेहरा एकमेकांना चिकटून राहिला, दोन्ही सारखेच रागावलेले.

दुपारनंतर कंपनीचा मेसेज आला. दोरवण काढलं होतं. दैत्य तसेच होते, आता ते काळी मुळं खाणार होते. उरलेली दोन राज्यं दुसऱ्या कुणाकडे दिली होती. बाकी एकशे एकोणचाळीस पदार्थ करारानुसार कंपनीचेच. तिला शुभेच्छा होत्या. तिने मेसेज दोनदा वाचला आणि वाट पाहिली, की आता छातीत काही कोसळेल. चांदणपोळी गेली. लोणचं गेलं. सातव्या पिढीतल्या सुनेने बरणी उघडली आणि आत दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं. पण कोसळलं नाही. उलट फार दिवस अंग आखडून बसलेल्या माणसाने उठून उभं राहावं तसं काहीतरी झालं. ते घेऊन गेले ते पदार्थ. पण जिथून ते सुचत होते ती जागा कुठल्या करारात येते? आणि ती जागा आईपासून लपवून ठेवलेल्या एका गालात होती, हे आता तिला माहीत होतं, आईलाही माहीत होतं, आणि दोघी अजून जिवंत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गच्चीवर कोरी वही उघडली. आई सांडगे उलटवत होती. तिने मान न वळवताच विचारलं, “आता काय लिव्हतीस?”

“नवा देश. या वेळी कुणासाठी नाही. माझाच.”

“मान्सं ऱ्हात्यात का त्यात?”

“अजून नाही आली.”

“बायका येऊ दे आधी,” आई म्हणाली. तिने एक सांडगा उचलून दातांखाली दाबून पाहिला, अजून ओला होता, परत ठेवला. “तुज्या वेळंला मला डव्हाळं लागलं हुतं. आंबट बी न्हाई, गोड बी न्हाई, तिखाट बी न्हाई. काय ते मला सांगताच येईना. सासू इचारायची, चिच्चा देऊ का, माती देऊ का. तुजा बाप खर्ड्याच्या बाजारातनं काय काय घिऊन आला. त्यातलं येक बी न्हाई. नऊ म्हैनं मी त्ये हुडकत हुते. जगातच न्हवतं त्ये.”

शुभांगीने पेनचं टोपण काढलं. “कसं होतं?”

“गार हुतं. पन चुलीवरचं. चावायला लागायचं, आन चावलं की पानी सुटायचं, हिरीचं असतं तसलं. वास यायचा...” आईचे डोळे माळापलीकडे कुठेतरी गेले आणि चेहऱ्यावर असं काही आलं जे शुभांगीने त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं : हाव. साधी, भुकेल्या बाईची, कुणाचीही लाज न धरणारी हाव. “वास यायचा कापडाचा. नव्या कोऱ्या, न धुतल्या कापडाचा. हसू नकोस.”

“हसत नाही. पुढं?”

“पुढं म्हंजी, त्ये बाईनं येकटीनं खायाचं. दार लावून न्हाई, ओट्यावर बसून, येनाऱ्या-जानाऱ्याच्या म्होरं. आन कुनी म्हनलं, काय खातीस गं, तर सांगायाचं न्हाई.”

“का?”

“तिची मर्जी.”

शुभांगी लिहीत होती. कृती विचारली, आईने सांगितली. मध्येच खोडायला लावली, मीठ वाढवलं, चुलीतलं लाकूड बदललं, एकदा तर पातेलंच चुकीचं आहे म्हणून पहिल्यापासून सांगितली. नाव विचारलं तेव्हा मात्र आईने हात झटकला. नाव खानारी ठिवंल, म्हणाली. ऊन डोक्यावर आलं. पान भरलं. शुभांगीने वही तिच्यापुढे धरली. आईने चष्मा सावरून बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीखाली कोरी जागा होती तिथे बोट टेकवलं.

“हितं?”

“तिथं नाव घालतात. जिनं बनवलं तिचं.”

“मंग घाल की.” आई ताठ बसली, पदर खांद्यावर नीट केला, शाळेत हजेरी घेताना मुलं बसतात तशी. “सुमनबाई भीमराज सदाफुले. पुरं लिव्ही. सुमन नुसतं लिव्हशील, तर वही फाडून टाकीन.”